मागच्या दणक्याचे गणित

एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने एखादा तरी लांबचा प्रवास केला आहे, त्याला खड्डा म्हणजे काय, हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढच्या आसनावरील प्रवाशाला जो नुसता हेलकावा वाटतो, तोच मागच्याला बाकावरून उचलून पुन्हा खाली आपटतो. हे दुखणे केवळ एस.टी.चे आहे, असा समज मात्र चुकीचा ठरेल. पुण्या-मुंबईत एखादी सदनिका घेता येईल इतकी किंमत मोजून अमेरिकेत जी मोटारहोम विकत घेतली जाते, तिच्याही मागच्या भागात बसणाऱ्याची अवस्था अनेकदा हीच असते.

मोटारहोम म्हणजे चाकांवरचे घर. स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट, न्हाणीघर आणि पलंग असा सारा संसार एकाच गाडीत. यलोस्टोन किंवा ग्रँड कॅन्यनच्या सहलीसाठी अशी गाडी आठवडाभर भाड्याने घेणारी मराठी कुटुंबे अमेरिकेत आहेत आणि मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांनाही हा प्रवास घडतो. छायाचित्रांत या गाड्या विलक्षण ऐसपैस दिसतात. प्रत्यक्षात पहिल्या शंभर मैलांतच कपाटातील भांडी वाजू लागतात आणि मागे बसलेली मंडळी एकेक करून पुढे सरकतात. मग गाडीमालक दुकानात जातो, महागड्या हवेच्या पिशव्या बसवून घेतो आणि पुष्कळदा निराश होतो. कारण दणक्याचे मूळ त्याने शोधलेलेच नसते.

हाडापेराने मालवाहू

मोटारहोम बांधणाऱ्या बहुतेक कंपन्या चॅसिस स्वतः तयार करीत नाहीत. इंजिन, चाके आणि सांगाडा वाहन कंपनीकडून घ्यायचा आणि त्यावर घर उभारायचे, अशी या धंद्याची रीत आहे. अमेरिकेत फोर्ड कंपनीच्या ई-४५० आणि एफ-५३ या चॅसिस त्यासाठी मोठ्या प्रमाणावर वापरल्या गेल्या. ई-४५० या चॅसिसवर रुग्णवाहिका, छोट्या बस आणि मालवाहू पेट्यांच्या गाड्याही बांधल्या जातात. भरलेल्या गाडीचे एकूण वजन सुमारे साडेसहा टनांपर्यंत जाऊ शकते. थोडक्यात, पडदे आणि गाद्यांच्या खाली असतो तो मालवाहू गाडीचाच देह.

या दोन्ही चॅसिसना मागे पाट्यांची स्प्रिंग असते. ट्रक आणि एस.टी.खाली दिसणारी ही कमानदार रचना सर्वांच्या परिचयाची आहे. पोलादी पाटे एकावर एक रचून, मधोमध यू बोल्टने आसाला आवळलेले असतात. ही रचना स्वस्त, दणकट आणि दुरुस्तीला सोपी आहे. शिवाय ती भार उचलते आणि आसाला जागेवरही धरून ठेवते. तिचा दोष असा, की पाटे एकमेकांवर घासतात. मोठ्या खड्ड्यात हे घर्षण उपयोगी पडते. परंतु रस्त्यावरच्या बारीक उंचवट्याचा जोर या घर्षणावर मात करण्याइतका नसतो. तेव्हा स्प्रिंग जणू गोठलेली राहते आणि ती थरथर सरळ चॅसिसमध्ये, तेथून पलंगात आणि पाठीच्या मणक्यात पोहोचते. कमी पाट्यांच्या आणि केवळ टोकांशी टेकणाऱ्या पॅराबोलिक स्प्रिंगमध्ये हा दोष बराच कमी होतो, तो याच कारणाने.

स्प्रिंग किती दबते?

आरामाचे पहिले गणित अगदी साधे आहे. गाडी उभी असताना तिच्या भाराखाली स्प्रिंग किती दबली आहे, यावर गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलणार, हे ठरते. भाराखाली स्प्रिंग २५ सेंटीमीटर दबत असेल, तर गाडी सेकंदाला साधारण एकदा झुलते. ११ सेंटीमीटर दबत असेल तर दीड वेळा, आणि केवळ ६ सेंटीमीटर दबत असेल तर दोन वेळा. आरामदायी मोटारीचे झुलणे सामान्यतः एक ते दीड या टप्प्यात असते. मालवाहू गाडीला मात्र इतकी मऊ स्प्रिंग परवडत नाही. तिला रिकामी आणि भरलेली अशा दोन्ही अवस्थांत उभे राहायचे असते. मऊ स्प्रिंगवर माल चढवला, तर गाडी बुडाशी टेकेल.

उलट, कडक स्प्रिंगवरचा भार अर्धा केला, की तीच स्प्रिंग ६ ऐवजी ३ सेंटीमीटर दबते आणि झुलण्याची गती सेकंदाला जवळजवळ तीनपर्यंत चढते. रिकामा टेम्पो रस्त्यावरून उड्या मारत जातो, तो यामुळेच. मानवी शरीराला उभ्या दिशेने सर्वांत असह्य होतात ती सेकंदाला चार ते आठ वेळा होणारी कंपने, हे शरीरावरील कंपनांच्या मोजमापासाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही गृहीत धरलेले आहे. दुसऱ्या टोकाला, अर्ध्या हेलकाव्याहूनही मंद असे झुलणे बोट लागल्यासारखी मळमळ आणते. म्हणजे आराम हा दोन त्रासांच्या मधला अरुंद पट्टा आहे. ‘जितके मऊ तितके चांगले’ हे सूत्र येथे लागू पडत नाही.

रस्ताही या गणितात भाग घेतो. जुन्या काँक्रीटच्या महामार्गावर सुमारे १५ फुटांवर सांधे असतील, तर ताशी ९६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीला सेकंदाला जवळजवळ सहा ठोके बसतात. शरीराला जे सर्वाधिक नकोसे असते, नेमके तेच. वेग निम्मा केला, तर ठोके तीनवर येतात. अशा पट्ट्यात वेग थोडा कमी-जास्त केला, तरी मागच्यांची तक्रार अचानक कमी होते, ती यामुळे.

आसामागचा पलंग

दुसरे गणित तरफेचे आहे. मोटारहोमचा मागचा आस आणि गाडीचे शेवटचे टोक यांत पुष्कळ अंतर असते आणि शयनगृह नेमके तेथे असते. पुढच्या व मागच्या चाकांत चार मीटर अंतर आहे आणि पलंग मागच्या आसाच्याही दोन मीटर मागे आहे, असे समजू. मागचे चाक उंचवट्यावर चढून आस पाच सेंटीमीटर उचलला गेला, तर पलंग साडेसात सेंटीमीटर उचलला जातो. चालकाच्या आसनाखाली, पुढच्या चाकांपाशी, त्याच क्षणी जवळजवळ काहीच घडत नाही. चालकाला मागच्यांचे गाऱ्हाणे अतिशयोक्त वाटते, याचे कारण त्याच्या मनात नसून त्याच्या जागेत आहे.

पुढचे चाक उंचवट्यावर आधी चढते आणि मागचे नंतर. ताशी ८० किलोमीटर वेगाला, चार मीटर अंतरासाठी, हा उशीर एका सेकंदाच्या पाचव्या भागाहूनही कमी असतो. तेवढ्या वेळात पुढचा भाग झुलू लागलेला असतो. मागचा मागाहून सुरुवात करतो आणि गाडी झोपाळ्याच्या फळीसारखी पुढे-मागे डोलू लागते. मॉरिस ओली या अभियंत्याने १९३० च्या दशकाच्या प्रारंभी अमेरिकेत कॅडिलॅकमध्ये याचा कसून अभ्यास केला. वजने पुढे-मागे हलवता येतील अशी खास गाडी बनवून त्याने माणसांना त्यात बसवले आणि त्यांना काय सोसवते, हे पाहिले. पुढची स्प्रिंग मऊ आणि मागची थोडी जलद ठेवली, तर उशिरा निघालेला मागचा भाग पुढच्याला गाठतो, दोन्ही एका तालात येतात आणि डोलणे लवकर विरते, असा त्याचा निष्कर्ष होता. म्हणूनच मागची स्प्रिंग बेसुमार मऊ करून घेणाऱ्याला दणका कमी, पण डोलणे जास्त, असा सौदा पदरी पडण्याची शक्यता असते.

चार दणके, चार कारणे

मागच्या भागातील सगळा त्रास एकाच जातीचा नसतो. वैद्याने नाडी पाहावी, तसा तो आधी ओळखावा लागतो. सतत जाणवणारी बारीक, खरखरीत थरथर बहुधा टायरमधील जास्त हवेमुळे, पाट्यांच्या घर्षणामुळे किंवा सुकून कडक झालेल्या रबरी बुशांमुळे येते. एका उंचवट्यानंतर गाडी तीन-चार वेळा झुलत राहत असेल, तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर थकले आहेत, असे समजावे. झुलणाऱ्या स्प्रिंगमधील शक्ती शोषून तिची उष्णता करणे, हे त्यांचे काम. एक चाक खड्ड्यात जाताच सगळी गाडी बाजूला हेलकावून डोके खिडकीकडे फेकले जात असेल, तर आडव्या झुकावाला आवर घालणारा दांडा प्रमाणाबाहेर कडक असू शकतो किंवा सामान एकाच बाजूला भरलेले असू शकते.

चौथा प्रकार सर्वांत क्लेशदायक. खड्ड्यात एकच, हातोडा मारल्यासारखा दणका बसतो. आस वर उसळून चॅसिसवर आदळू नये, म्हणून मध्ये रबराचा ठोकळा बसवलेला असतो. गाडी भाराने आधीच खाली बसलेली असेल, तर आसाला वर जायला जागाच उरत नाही. स्प्रिंग मऊ असो की कडक, ती आपले काम करण्यापूर्वीच आस ठोकळ्यावर जाऊन आदळतो. काही व्हॅनमध्ये हा ठोकळा मुद्दामच लांब आणि मऊ ठेवून मदतनीस स्प्रिंग म्हणून वापरलेला असतो. तेथे नुसता स्पर्श होणे हा दोष नव्हे. इतरत्र मात्र परीक्षा सोपी आहे. ठोकळ्याच्या तळाला थोडे ग्रीस लावून नेहमीच्या रस्त्यावर फेरी मारावी. ग्रीसचा ठसा आसावर उमटला, तर दणक्याचा उगम सापडला.

पहिले औषध वजनकाट्यावर

येथेच मोटारहोमचा खरा प्रश्न उभा राहतो. ट्रक कधी भरलेला, कधी रिकामा असतो. मोटारहोम मात्र कायम भरलेली असते. घराचे वजन उतरत नाही. त्यावर पाणी, गॅस, खुर्च्या, सायकली आणि डबाबंद खाद्यपदार्थ चढत जातात. ४० गॅलनची अमेरिकी टाकी भरली, की १५० किलो वजन वाढते. हेच १५० किलो मागच्या आसाच्या दोन मीटर मागे ठेवले, तर वरच्या उदाहरणातील गाडीच्या मागच्या आसावर १५० नव्हे, तर २२५ किलो भार येतो आणि पुढच्या आसावरचा ७५ किलोंनी हलका होतो. मागे दणके आणि पुढे सैल झालेले सुकाणू, अशी दुहेरी शिक्षा.

म्हणून कोणताही सुटा भाग विकत घेण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. अमेरिकेत महामार्गावरील ट्रकतळांवर अशी सोय सर्रास असते आणि पुढच्या-मागच्या आसांची वजने स्वतंत्र मिळतात. गाडी प्रवासाला निघते तशीच, माणसे, पाणी आणि सामान यांच्यासह तोलावी. शक्य झाल्यास डाव्या-उजव्या चाकांवरचा भारही वेगळा मोजावा. मग प्रत्येक आसाची कमाल मर्यादा सांगणाऱ्या चालकाच्या दाराजवळील पट्टीशी तो आकडा ताडून पाहावा. मर्यादा ओलांडली असेल, तर उपाय एकच, वजन उतरवणे. जड सामान दोन्ही आसांच्या मध्ये आणि खालच्या कप्प्यांत आणावे आणि जेथे पोहोचून पाणी मिळणार आहे, तेथपर्यंत टाकी काठोकाठ भरून नेऊ नये. या उपायांना पैसा लागत नाही आणि मागचा फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

टायरमधली हवा

वजन कळले, की दुसरे औषध हवेचे. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग होय. अशा गाड्यांच्या अनेक टायरवर कमाल दाब ८० पौंड लिहिलेला असतो आणि पुष्कळ मालक डोळे मिटून तेवढी हवा भरतात. तो आकडा टायरच्या पूर्ण क्षमतेचा भार पेलण्यासाठीचा असतो. टायर कंपन्या कोणत्या भाराला किती दाब हवा, याचे तक्ते प्रसिद्ध करतात. आसाच्या जड बाजूचा भार घेऊन तक्ता पाहावा आणि त्या आसावरील सर्व चाकांत सारखीच हवा ठेवावी. भार कमी निघाला, तर दाबही काही पौंडांनी उतरवता येतो आणि बारीक थरथर त्या प्रमाणात मऊ होते. मात्र हवा टायर थंड असतानाच मोजावी आणि वाहन कंपनीच्या सूचनेखाली किंवा तक्त्याखाली कधीही जाऊ नये. कमी हवेचा टायर चालताना अधिक वाकतो, तापतो आणि उन्हाळ्यातील महामार्गावर फुटू शकतो. आरामासाठी घेतलेली ही सवलत जिवावर बेतू शकते.

त्यानंतर येतात शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि बुश. गाडी कारखान्यातून निघाली, तेव्हा चॅसिस बनवणाऱ्याला वर नेमके केवढे घर चढणार, हे ठाऊक नव्हते. म्हणून प्रत्यक्ष भाराला साजेसे, चांगल्या प्रतीचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले, की झुलणे आवरते आणि उंचवट्यानंतर गाडी चटकन स्थिर होते. ते स्प्रिंगला मऊ करीत नाहीत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. गरजेपेक्षा कडक निवडले, तर बारीक थरथर वाढतेच.

पिशव्यांचे दोन प्रकार

आता हवेच्या पिशव्या. त्यांच्याविषयीचा गोंधळ मोठा आहे, कारण एकाच नावाखाली दोन भिन्न वस्तू विकल्या जातात. पहिला प्रकार मदतनीस पिशव्यांचा. पाटे तसेच ठेवून, आस आणि चॅसिस यांच्या मध्ये रबरी पिशवी बसवतात आणि तिच्यात हवा भरतात. खाली बसलेली गाडी वर उचलली जाते, आस ठोकळ्यापासून दूर होतो आणि हातोड्यासारखा दणका थांबतो. आजार तोच असेल, तर गुण हमखास येतो. पण पाट्यांच्या जोडीला आणखी एक स्प्रिंग आल्याने एकूण कडकपणा वाढतो. ज्या गाडीचा आस ठोकळ्याला कधी टेकतच नव्हता, तिच्यात या पिशव्या गच्च भरल्या, तर पलंग पूर्वीपेक्षाही जास्त उसळतो. निराश मालकांपैकी अनेकांची कथा येथेच लिहिली जाते.

यात आणखी एक धोका दडलेला आहे. पिशवीमुळे गाडी सरळ उभी दिसते, म्हणून तिची भार वाहण्याची क्षमता वाढली, असा भ्रम होतो. आस, बेअरिंग, टायर आणि ब्रेक पूर्वीचेच असतात. अतिभाराने वाकलेली गाडी निदान काही सांगत तरी होती. पिशवी तिचे तोंड बंद करते.

दुसरा प्रकार संपूर्ण हवेच्या रचनेचा. पाटे काढून टाकून आस वेगळ्या दांड्यांनी धरतात आणि सारा भार हवेवर सोपवतात. भार वाढला, की झडप आपोआप जास्त हवा सोडते आणि गाडी ठरलेल्या उंचीवर राहते. दाबाबरोबर कडकपणाही वाढत असल्याने झुलण्याची गती भरलेल्या व रिकाम्या गाडीत जवळजवळ सारखीच राहते. पोलादी पाट्यांना न जमणारी ही किमया आहे आणि पाट्यांचे घर्षणही येथे नसते. चांगल्या लांब पल्ल्याच्या बसमध्ये मागच्या रांगेतही झोप लागते, ती यामुळे. किंमत, कॉम्प्रेसरची देखभाल आणि गळतीची शक्यता, ही तिची दुसरी बाजू.

जीएमसीचा धडा

ट्रकच्या चॅसिसवर घर चढवण्याऐवजी मुळातूनच विचार केला, तर काय होते, याचे उत्तर जनरल मोटर्सने १९७३ ते १९७८ या काळात दिले. जीएमसी मोटारहोम या २३ आणि २६ फुटी गाडीत इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना दिलेली होती. साहजिकच मागे ना फिरता दांडा राहिला, ना जड डिफरन्शियल. मागे प्रत्येक बाजूला एकामागे एक अशी दोन चाके, प्रत्येक चाक स्वतंत्र भुजेवर आणि त्या दोन भुजांच्या मध्ये हवेची एक पिशवी. एक चाक उंचवट्यावर चढले, तरी शरीराला त्याचा काही अंशच जाणवे. आडवा आस नसल्याने गाडीची जमीन रस्त्यापासून जेमतेम १४ इंचांवर आली. सुमारे तेरा हजार गाड्या बनवून कंपनीने हे उत्पादन थांबवले. तरीही हौशी मालकांनी त्यांतील कित्येक गाड्या पुढे अनेक दशके चालत्या ठेवल्या. मागचा आराम हा शेवटी लावायचा मलम नसून आराखड्याच्या पहिल्या रेषेत ठरणारी गोष्ट आहे, हेच या गाडीने दाखवून दिले.

आपल्या रस्त्यांवर

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आणि चाकांवरचे घर ही कल्पना आपल्याकडेही रुळू लागली. अशा गाड्या येथेही बहुधा व्हॅनच्या किंवा बसच्या चॅसिसवर बांधल्या जातात. त्यामुळे वरील सारे गणित सह्याद्रीच्या घाटातही तंतोतंत लागू पडते. भर पडते ती खड्ड्यांची आणि गतिरोधकांची. गाडी बांधून घेणाऱ्याने पलंग आसाच्या किती मागे येणार, पाण्याची टाकी कोठे बसणार आणि भरल्यावर मागच्या आसावर किती भार येणार, हे तीन प्रश्न रंगसंगती ठरवण्यापूर्वी विचारावेत. मागाहून रचनेत परस्पर बदल करणे हा कायद्याचाही प्रश्न आहे. नोंदणी पुस्तकातील आणि उत्पादकाने दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरणारे फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने बंधन घातले आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही स्प्रिंगने बदलत नाही. चालत्या गाडीत मागच्या पलंगावर लहान मुलाला झोपवणे धोक्याचेच आहे. गाडी कितीही मऊ चालत असली, तरी अचानक ब्रेक लागल्यावर मऊपणा कोणाला धरून ठेवत नाही. धरून ठेवतो तो आसनाचा पट्टाच.

आधी वजन, मग हवा, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि सर्वांत शेवटी स्प्रिंग. दुकानातील फलक हा क्रम नेमका उलटा सांगतात, कारण पहिल्या दोन उपायांतून कोणाचीच विक्री होत नाही. मागच्या बाकावरचा प्रवासी सुखाने झोपावा, असे ज्याला मनापासून वाटते, त्याने सुरुवात वजनकाट्यापासूनच केलेली बरी.